कोहिबा सिगार मला अगदी साधी वाटली. दोष माझ्या जिभेचा की नुसत्या नावाचा?

तुम्ही लिहिले आहे की दुबईहून आलेल्या मित्राने दिलेली कोहिबा सिग्लो दोन (कोहिबातलाच एक लहान आकार) तुम्हाला वाळल्या गवतासारखी लागली, त्यावर मित्राने ‘तुझी जीभ अजून तयार झालेली नाही’ असे ऐकवले, आणि आता तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की ही सिगार एवढी महाग का असते आणि ती खरोखर तेवढ्या मोलाची आहे का. पहिल्या भागाचे उत्तर आटोपशीर देता येते. दुसऱ्या भागावरून आमच्या घरात बरीच वर्षे वाद चालू आहे, त्यामुळे तेथे मला थोडक्यात लिहिणे जमणार नाही.

किमतीची खरी कारणे अशी. क्युबाची ही कोहिबा १९६६ मध्ये तेथील सत्ताधीश फिदेल कास्त्रो यांच्यासाठी आणि परदेशी पाहुण्यांना भेट देण्यासाठी बनू लागली, पुढे हवानाच्या पश्चिमेकडील एल लागितो या हवेलीत तिचा कारखाना बसला, आणि सामान्य गिऱ्हाइकाला ती विकत मिळू लागली १९८२ मध्ये. जी वस्तू इतकी वर्षे पैसे मोजूनही मिळत नव्हती, तिचा बोलबाला ती दुकानात येण्याआधीच झालेला होता. तिची पाने पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता अबाहो भागातील निवडक शेतांतून येतात, आणि आत भरायच्या पानांपैकी सेको (झाडाच्या मधल्या भागातली, सौम्य) व लिगेरो (वरच्या भागातली, जड) ही दोन प्रकारची पाने पिंपांत घालून तिसऱ्यांदा आंबवली जातात. इतर क्युबन सिगारींच्या वाट्याला हा सोपस्कार येत नाही. २०१० मध्ये आलेल्या बेहिके या मालिकेत तर मेदिओ तिएम्पो नावाची, झाडाच्या अगदी शेंड्याजवळची लहान पाने वापरतात, आणि ती प्रत्येक झाडाला येतही नाहीत. येथपर्यंत किमतीला आधार आहे. परंतु २०२२ मध्ये क्युबाच्या सिगारी जगभर विकणाऱ्या हबानोस कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन छापांचे दर जगभर एका पातळीवर आणायचे ठरवले, त्यासाठी हाँगकाँगचा चढा दर धरला, आणि युरोपातील अनेक बाजारांत कोहिबाची किंमत जवळजवळ एका झटक्यात दुप्पट किंवा त्याहूनही अधिक झाली. शेत तेच, पिंप तेच, वळणारे हात तेच. किमतीवरून चव ठरत असती, तर त्या वर्षी ती दुपटीने सुधारलेली आढळायला हवी होती.

आता तुमच्या मित्राच्या वाक्याकडे येतो, कारण हेच वाक्य मला आमच्या साडूभाऊंनी ऐकवलेले आहे, आणि तेही चारचौघांत.

आमच्या वडिलांचे चोपड्याला तंबाखूचे दुकान होते. विडीसाठी लागणारा गुजरातचा आणि निपाणीचा माल ते मागवत, आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या टेंभुर्णीच्या पानांचे पुडे ओसरीवर रचलेले असत. पोते उघडले की वडील चिमूटभर माल तळहातावर घेऊन अंगठ्याने मळत, नाकाशी नेत, जिभेच्या टोकाला लावून थुंकत, आणि मगच भाव बोलत. पोत्यावर कोणाचा छाप आहे याकडे ते शेवटी पाहत. मी त्या दुकानात वाढलो. तंबाखूतले मला काही कळत नाही असे कोणी म्हटले तर ते मला लागते, हे मी मान्य करतो, आणि हे उत्तर लांबण्याचे कारणही तेच आहे.

साडूभाऊ आखातात चांगल्या हुद्द्यावर आहेत आणि दर हिवाळ्यात सुटीवर येतात. असेच एका डिसेंबरात यावल तालुक्यातल्या आमच्या एका नातेवाइकांच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ती ठेचताना पडलेल्या मूठमूठ मिरच्या आणि लसूण, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी आणि पुऱ्या, असा तो बेत होता. जेवणे उरकून मंडळी बांधावर टेकली, तेव्हा साडूभाऊंनी खिशातून चामड्याची डबी काढली आणि मोठ्या मानाने एकेकाला कोहिबा सिग्लो दोन दिली. काळ्यावर पांढरे ठिपके आणि खाली पिवळा पट्टा असलेली ती कागदी कडी कोणीही काढून टाकली नाही. सर्वांनी ती बाहेरच्या बाजूला दिसेल अशी धरली. मी दोन-चार झुरके घेऊन सांगितले की मला यात गवताचा वास आणि गरम हवा यापलीकडे काही लागत नाही, आणि घरी माझ्याजवळ असलेली, क्युबाचीच, मॉन्टेक्रिस्टो क्रमांक चार मला याहून अधिक आवडते. शेजारी बसलेल्या सालदाराने तर दोन झुरक्यांतच ती परत केली आणि म्हणाला, “धूर झ्याक आहे भाऊ, पन मले आपली इडीच बरी.” सर्व हसले. साडूभाऊ मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, “अहो, विडीच्या दुकानात वाढलेल्या माणसाला कोहिबा कळायला वेळ लागतो.”

त्या वाक्यात चवीविषयी काहीही नव्हते. त्यात माझ्या वडिलांचे दुकान होते आणि साडूभाऊंनी मोजलेले दिरहम होते. महागडी वस्तू भेट देणारा माणूस पुष्कळदा ती वस्तू देत नसून तिची किंमत देत असतो, आणि घेणाऱ्याने ‘मला आवडली नाही’ असे म्हटले की त्याला ते आपल्या पैशाविषयी बोलल्यासारखे वाटते. तुमच्या मित्राचेही तसेच झाले असावे.

त्या दुपारी माझ्या जिभेला गवताशिवाय काही लागले नाही याचे कारण सरळ होते. कोहिबाचा, त्यातही सिग्लो दोनसारख्या लहान आकाराच्या सिगारचा, स्वभाव मवाळ आहे; गवत, मध, थोडी साय असे तिचे वास असतात, आणि खान्देशी भरिताने भाजून निघालेल्या तोंडाला ते जाणवतही नाहीत. अशा जेवणावर पार्तागास सेरिए डी क्रमांक चारसारखी मिरमिरीत आणि मातकट चवीची सिगारच टिकते. साडूभाऊंना हे ठाऊक असायला हवे होते, कारण जाणकार ते होते. तुम्हीही ती सिगार कशावर ओढली हे लिहिलेले नाही. मटण-बिटण झाले असेल तर तुमचा निकाल त्या सिगारविषयी काहीच सांगत नाही.

वाद तेथे मिटला नाही. पुढच्या सुटीत मी जळगावला आमच्या गच्चीवर, सकाळचा चहा होऊन तासभर झाल्यावर, रीतसर पारख करायचे ठरवले. सिग्लो दोन आणि मॉन्टेक्रिस्टो क्रमांक चार या दोन्ही नेमक्या एकाच मापाच्या आहेत, १२९ मिलिमीटर लांब आणि जाडीने ४२ गेजच्या (एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग), त्यामुळे हाताला फरक कळत नाही. शेजाऱ्यांनी आत जाऊन दोन्हींच्या कड्या उतरवल्या, जागेवर साधा पांढरा कागद गुंडाळला आणि त्या आम्हा दोघांसमोर ठेवल्या. मला वाटत होते की साडूभाऊंची फजिती होईल. तसे काही झाले नाही. पहिला इंच जळायच्या आत त्यांनी कोहिबा बरोबर ओळखली, आणि मीही ओळखली. रिकाम्या तोंडाला तो मधासारखा वास स्पष्ट लागत होता, धूर गुळगुळीत होता, राख घट्ट आणि करड्या रंगाची धरत होती, आणि सिगार कोठेही एका बाजूने जळत गेली नाही. तिची घडण उत्तम आहे, यात मला शंका नाही. तरीही मी दुसरीच शेवटपर्यंत ओढली, कारण मला कोको आणि लाकडाकडे झुकणारी, थोडी रांगडी चव आवडते आणि मधाळ वास आवडत नाही. साडूभाऊ तेव्हापासून नातेवाइकांत सांगत फिरतात की त्यांनी पैज जिंकली. वास्तविक पैज ओळखण्याची नव्हतीच. डोळे झाकून ओळखता येईल एवढा वेगळेपणा कोहिबात आहे हे त्यांनी सिद्ध केले, आणि तो वेगळेपणा ओळखूनही एखाद्याला ती नावडू शकते हे मी त्याच सकाळी सिद्ध केले; यातील दुसरा भाग ते सांगत नाहीत. जळगावच्या सराफ बाजारात सोने कसोटीच्या दगडावर घासून त्याचा कस सांगता येतो, सिगारसाठी तसा दगड कोणी अजून बनवलेला नाही.

म्हणून तुमची जीभ कच्ची आहे, हे मला मान्य नाही. चांगल्या कोहिबात गवताचा वास असतोच, तो तुम्हाला लागला म्हणजे तुमची जीभ नीट चालते आहे. तो आवडणे बंधनकारक नाही.

मात्र निकाल कायम करण्यापूर्वी दोन शक्यता तपासा. पहिली साठवणुकीची. सिगारला हवेत साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २० अंश तापमान लागते, आणि आपल्याकडे भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास खेळत असतो. नुसत्या कपाटात ठेवलेल्या सिगारचे वरचे पान बोटांत दाबले की कुरकुरते, ती भराभर आणि गरम जळते, आणि तिचे तेल उडून गेलेले असल्याने खरोखरच वाळल्या गवतासारखी लागते. उन्हाळ्यात तंबाखूतल्या किड्याची अंडी उबण्याचाही धोका असतो. वरच्या पानाला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके दिसली तर ती सिगार बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी करावी. तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता राखणारी पुडी टाकून तो घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. कूलरसमोर ठेवू नका, दिवसा भिजते आणि रात्री सुकते.

दुसरी शक्यता नकलीची. कोहिबाइतकी नक्कल क्वचितच दुसऱ्या सिगारची होत असेल. पेटीवर हमीचे मोहोरपत्र आणि होलोग्रामची पट्टी असते, आणि काचेच्या झाकणाच्या ज्या पेट्या पर्यटकांना विकल्या जातात त्या कारखान्यातून आलेल्या नसतात. सुटी मिळालेली सिगार अस्सल आहे की नाही हे नुसत्या कडीवरून सांगणे अवघड. शिवाय अमेरिकेत कोहिबा याच नावाने विकली जाणारी सिगार मुख्यतः डोमिनिकन प्रजासत्ताकात बनते आणि तिचा क्युबाच्या कोहिबाशी नावापलीकडे संबंध नाही, कारण १९६२ पासून क्युबाच्या मालाला तेथे बंदी आहे.

हे सर्व आधीच सिगार ओढणाऱ्यांसाठी लिहिले आहे. जे ओढत नाहीत त्यांनी कोहिबाच्या कौतुकापायी सुरुवात करू नये. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका सिगारमध्येही असतो, आणि ज्यांच्यासाठी ही सिगार बनली त्या कास्त्रो यांनी स्वतः १९८५ मध्ये धूम्रपान सोडले होते.

मित्र पुन्हा येणार असतील तर त्यांना मॉन्टेक्रिस्टो क्रमांक चार आणायला सांगा, ती कोहिबाच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते, आणि दोन्ही शेजारी ठेवून स्वतःच पाहा. २०१६ च्या बॅगेज नियमांत परदेशातून येताना २५ सिगारींची सवलत धरलेली होती, आणि त्या सगळ्या एकाच छापाच्या असाव्यात अशी अट त्यात नव्हती; सध्याचा नियम मात्र आधी पाहून घ्या. आमच्या साडूभाऊंना मी हे सुचवून पाहिले आहे. ते अजून कोहिबाच आणतात.