भाट होऊ नकोस

अगं पोरी,

रात्री दीडला आलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. राज्यशास्त्रात एमए झालं, जर्मनची बी-टू पातळी झाली, पोर्टलवर बातम्या लिहितेस आणि शिरायचंय कल्चरल डिप्लोमसीत, म्हणजे भाषा-संस्कृतीतून देशादेशांत संबंध जोडायच्या कामात. घरचे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. यातलं काय सोडू, असं विचारतेस.

काही सोडू नकोस. योहानेस एबर्ट फ्रायबुर्गला आणि दमास्कसला इस्लामविद्या, राज्यशास्त्र शिकले. पत्रकारिता केली. मग गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जगभर जर्मन भाषा-संस्कृतीचं काम करणाऱ्या संस्थेत, कीव्ह, कैरो, मॉस्को करत २०१२ साली म्युनिकला सरचिटणीस झाले. त्यांच्याही चिंध्याच होत्या म्हण! पण पदाकडे बघू नकोस, त्या तीन गावांची नावं पुन्हा वाच. तिथे आपल्या देशाची आरती ओवाळणारा माणूस काय कामाचा?

म्हणून एकच सांगते. भाट होऊ नकोस. आपल्या देशाचा नाही, परक्या देशाचा तर नाहीच नाही.

पुण्यातल्या बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात तू तीन वर्षं गेलीस, पण ते कुणाचं, हे कधी विचारलंस? गोएथे इन्स्टिट्यूटचंच ते भारतातलं नाव. आणि गोएथे इन्स्टिट्यूट हे सरकारी खातं नाही, ती नोंदणीकृत संस्था आहे. पैसा मुख्यतः जर्मन परराष्ट्र खात्याचा, पण कार्यक्रम संस्था स्वतः ठरवते. तसा करारच १९७६ मध्ये झाला. एवढी उठाठेव का? १९२५ मध्ये म्युनिकलाच एक जर्मन अकादमी निघाली होती. भाषा शिकवता शिकवता ती नाझींच्या दावणीला गेली आणि १९४५ मध्ये बंद झाली. तिच्या जागी १९५१ मध्ये ही संस्था उभी राहिली. भाटगिरी कुठवर नेते, ते त्यांनी घरातच पाहिलं होतं.

आणि मी? एका महोत्सवाचं काम माझ्याकडे होतं. आयोजक कोण, ते सोड. परिसंवादाच्या आदल्या दिवशी वरून फोन आला, अमुक वक्ता नको. मी नाव काढलं. अहवालात लिहिलं, ‘मोकळी चर्चा झाली’. मोकळी! तो शब्द मला अजून टोचतो. अकरा महिन्यांचं कंत्राट होतं, आईचं डायलिसिस चालू होतं, आणि मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी नाव काढलंच असतं. हे तुला पटणार नाही. पटूही नये. पुढच्या वर्षी असाच फोन आला तेव्हा मी ऐकलं नाही, आणि कंत्राट गेलं. आईचं कसं निभावलं ते पुन्हा कधीतरी.

शाश्वती विचारू नकोस, मला राग येतो. २०२३ मध्ये बोर्दो, तुरिन, वॉशिंग्टनसकट नऊ ठिकाणच्या गोएथे संस्था बंद करायचं ठरलं. भाटगिरी करूनही खुर्ची जाते ती जातेच. मग निदान स्वतःचा शब्द तरी राख ना!

बातमीदारीची सवय तेवढी मोडू नकोस. कोण बोलतंय, कुणाच्या पैशाने, कुणाला बोलावलं नाही, हे तिथे बसूनही विचारत राहा. सीव्हीच्या फॉन्टची चिंता नंतर.

शनिवारी ये. जिच्यावरून संपादकाशी भांडलीस ती बातमी घेऊन ये. एकदाही भांडली नसशील तर तेही सांग. उपमा करते, पण अकराच्या आत ये.

तुझी,
मॅडम