किल्ली कुणाच्या खिशात?

प्रश्न: सिस्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. त्याला बायपोलर, म्हणजे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार आहे, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू होत्या. गेल्या महिन्यात त्यानं गोळ्या सोडल्या, आठ दिवस जेमतेम झोपला आणि एका रात्री टेरेसच्या कठड्यावर चढला. डॉक्टरांनी गोळ्या परत सुरू केल्यात आणि दोन-तीन आठवडे निवासी केंद्रात ठेवायला सांगितलंय. आई 'येरवड्याचं सरकारी मनोरुग्णालय नको' म्हणून अडून बसली आहे. कात्रजकडचं एक खासगी केंद्र बघून आलो. तीन मजली बंगला, फरशी चकचकीत, जेवण चांगलं. मॅनेजर म्हणाले, "सगळीकडे ग्रिल आणि कुलूप आहे, पेशंट कुठे जाणार नाही. पहिले पंधरा दिवस भेट नाही, फोन नाही." बाबांना हायसं वाटलं, मला धास्ती वाटली. आम्ही नेमकं काय बघावं?
– एक बहीण, धायरी

उत्तर: आधी आजच्या रात्रीचं बोलू. तो दाखल होईपर्यंत त्याच्या खोलीत कुणीतरी झोपा. टेरेसच्या दाराला कुलूप लावा आणि गोळ्यांची अख्खी पट्टी त्याच्या हातात देऊ नका. लिथियम जास्त झालं तर ते विषच. अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव, तिथे मराठीत बोलता येतं. तो पुन्हा कठड्याकडे गेला तर मात्र केंद्र शोधत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

आता केंद्राचं. मनोरुग्णांच्या वॉर्डात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी नाइट ड्युटीत. फरशी दिवसा दिसते. मला जे कळलं ते रात्री कळलं.

मी नोकरीला होते त्या एका ठिकाणी बायकांच्या बाथरूमला आतून साधी कडी होती. पहाटे साडेचारला विशीतली एक मुलगी आत गेली. हाक मारली, ओ नाही. वॉर्डात मी आणि एक मावशी, दोघीच. खालच्या मजल्यावरून वॉर्डबॉय येऊन दार तोडेपर्यंतचा वेळ मी आजही विसरलेले नाही. ती वाचली, जेमतेम. त्या आठवड्यात सगळ्या कड्या बदलल्या. सुताराला अर्धा दिवस लागला. त्या अर्ध्या दिवसाच्या कामासाठी मी दोन वर्षं अर्ज करत होते.

म्हणून तू परत जाशील तेव्हा सगळ्यात आधी बाथरूम बघ. दार बाहेरून उघडता येतं का? पाइप भिंतीत आहेत की बाहेर? पडद्याचा दांडा भार पडताच निखळणारा हवा. घट्ट बसवलेला दांडा तुमच्या-माझ्या घरात चांगला, तिथे नाही. पंखा, खिडकीचे गज, दाराचे हुक यांच्याकडे भावाच्या नजरेनं बघ. हे लिहिताना मलाच जड जातंय, पण तसंच बघावं लागतं. फिनेल, ब्लेड, औषधांची ट्रॉली कुलपात हवी.

आणि माणसं नकोत का कुलपात, असं बाबा विचारतील. त्यांना एरवाडीचं सांग. 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे तमिळनाडूतल्या या गावी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीनं बांधलेली 28 माणसं जळून गेली. पळून जाऊ नयेत म्हणून बांधली होती. तुझ्या त्या मॅनेजरांना एवढंच विचार: आग लागली तर तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलची किल्ली कुणाच्या खिशात असते आणि तो माणूस रात्री कुठे झोपतो? 'झोपतो' हे उत्तर आलं की समज. प्रत्येक मजल्यावर जागा माणूस हवा आणि किल्ली त्याच्याच कमरेला हवी. दुसरा जिना आहे का, आणि त्यावर जुन्या गाद्या तर रचलेल्या नाहीत ना, तेही बघ. भावाला तळमजल्यावरच खोली माग.

दाखल झाल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. त्या दिवसांत थोड्या थोड्या वेळानं माणूस खोलीत येऊन बघतो का, नोंद वहीत होते का? वही मागून बघ. सगळ्या वेळा एकाच अक्षरात, एकाच शाईत ओळीनं लिहिलेल्या दिसल्या तर त्या सकाळी बसून लिहिलेल्या असतात.

लिथियमचं तुझ्या भावासाठी खास. उन्हाळ्यात घाम फार गेला, जुलाब-उलट्या झाल्या किंवा मीठ एकदम बंद केलं, तर रक्तातली पातळी चढते. हात जास्त थरथरणं, चाल अडखळणं, बोलणं जड होणं ही लक्षणं तिथल्या नर्सला माहीत आहेत का, पाणी हाताशी असतं का, रक्त कुठे तपासतात, विचार. शारीरिक दुखण्यासाठी डॉक्टर कोण आणि जवळचं रुग्णालय कोणतं, हे नर्सला न अडखळता सांगता आलं पाहिजे.

भेट नाही, फोन नाही, हा नियम त्यांचा, कायद्याचा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला भेटीचा आणि फोनचा हक्क दिलाय. कुणाला भेटायचं नाही हेही तोच ठरवतो. साखळी कुठल्याही रूपात चालत नाही, एकट्याला कोंडून ठेवणंही नाही. हात धरून ठेवायची किंवा बांधायची वेळ आलीच, तर ती जिवाचा तत्काळ धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, हवा तेवढाच वेळ, आणि केसपेपरवर कारण लिहून. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णानं आपल्या वतीनं नेमलेल्या माणसाला, 24 तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. पालथं पाडून पाठीवर बसणं तर जिवावर बेतू शकतं.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. त्याची स्वतःची संमती असेल तर तो स्वतःच्या अर्जावर दाखल होतो. नसेल तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून आणि प्रतिनिधीच्या अर्जावर, तेही सुरुवातीला 30 दिवसांपर्यंतच. प्रतिनिधी म्हणून त्याला तू चालशील का, हे त्याला तो शांत असताना विचार. केंद्राचं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांग. पुढे तक्रार असली तर आधी तिथल्या प्रमुख डॉक्टरांकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे.

आईवर चिडू नकोस. 'येरवड्याला पाठवू' ही धमकी पुण्यात आपण पिढ्यान्पिढ्या मुलांना देत आलो, ती तिच्या अंगात भिनली आहे. पण सरकारी की खासगी हा प्रश्न इथे दुय्यम. तिला बरोबर ने, न कळवता, रात्री आठ-साडेआठला. जेवणं उरकलेली असतात, दिवसाची माणसं गेलेली असतात. तिथल्या एखाद्या पेशंटशी मावशी कशा बोलतात ते आईला बरोबर कळेल.

कपडे त्याचे स्वतःचे द्या, गणवेशाची सक्ती करता येत नाही. फक्त पायजम्याची नाडी, पट्टा, बुटाच्या लेस काढून घेतील. त्यावर वाद घालू नका, ते बरोबर करताहेत. इलॅस्टिकच्या पँटी चार-पाच घेऊन ठेव.