लिफ्टचं नियंत्रण कोणाकडे?

प्रश्न बडोद्यातूनच आलाय. एका मराठी संस्थेच्या तीनमजली इमारतीत लिफ्ट आहे. तिच्या देखभालीचा वार्षिक करार इंग्रजीत असतो. विश्वस्तांपैकी दोघे-तिघे पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना कागद मराठीत हवा, म्हणून चिटणीसबाईंनी भाषांतर अंगावर घेतलं. त्या लिहितात: "चार पानांत ‘कंट्रोल’ सात वेळा आलाय. एका शब्दाला एकच प्रतिशब्द ठेवायचा, असं ऐकलं होतं, म्हणून सगळीकडे ‘नियंत्रण’ लिहिलं. सभेत वाचून दाखवलं, तर एक काका म्हणाले, ‘म्हणजे लिफ्ट त्यांच्या नियंत्रणात की आपल्या?’ मला सांगता येईना. चुकलं कुठे? आणि शेवटच्या पानावर ‘तांत्रिक नियंत्रणे’ असं अनेकवचन लिहिलंय, ते चालेल का?"

काकांना माझा नमस्कार सांगा. करार असाच वाचायचा असतो.

नियम तुम्ही अर्धा ऐकलात. करारात एका अर्थाला एक शब्द ठेवतात. इंग्रजीच्या एका शब्दासमोर मराठीचा एक शब्द, असा नियम कोणी केलेला नाही. तसं वाटण्याचं कारण आपले कोश. आपल्या बडोद्यातच सयाजीरावांच्या काळात, 1931 साली, राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ निघाला. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृतपासून फारसी, बंगालीपर्यंत आठ भाषा त्यात आहेत. कामाची भव्यता वादातीत. पण रकाना आखला की त्यात शब्द बसवावा लागतो आणि पुढे आपल्यालाही रकान्यातच विचार करायची सवय लागते.

तुम्ही पाठवलेली वाक्यं एकेक घेऊ. "नियंत्रक पेटीत बिघाड झाल्यास" हे तर खुशाल बदला, ‘कंट्रोलर’ लिहा. दुरुस्तीला येणारा मुलगा त्याला कंट्रोलर किंवा पॅनल म्हणतो, वॉचमनही तेच म्हणतो. रात्री नऊला कोणी आत अडकलं असताना ‘नियंत्रक पेटी’ कुठे आहे, हे कोणी शोधत बसणार नाही.

"आमच्या नियंत्रणाबाहेरील कारणे" हे वाक्य कळतं, चुकीचंही नाही. मी असतो तर ‘आमच्या हातात नसलेली कारणे’ लिहिलं असतं. ‘हाताबाहेरची’ मात्र नको. मराठीत परिस्थिती हाताबाहेर जाते म्हणजे आधी ती हातात होती आणि कोणीतरी बिघडवली. पूर आला म्हणून कंपनीचा माणूस पोचला नाही, त्यात त्याने काही बिघडवलेलं नसतं. विश्वामित्रीला पूर आला की काय होतं, हे बडोदेकरांना मी काय सांगू?

परिशिष्टातलं वाक्य वाचून मला हसू आलं: "कंपनी दोर व ब्रेक यांचे मासिक नियंत्रण करेल." दोरांचं नियंत्रण म्हणजे काय? ते कुठे पळून जाणारेत? हा दोष तुमचा नाही. मूळ पुस्तिका युरोपातली असावी. फ्रेंच, जर्मनमध्ये ‘कंट्रोल’ या शब्दाचा रोजचा अर्थ ‘तपासणी’ असाच आहे. फ्रान्समध्ये मोटारींची जी सक्तीची ठरावीक मुदतीची तपासणी असते, आपल्याकडच्या फिटनेससारखी, तिला ‘कोंत्रोल तेक्निक’ म्हणतात, शब्दशः तांत्रिक कंट्रोल. तिकडून इंग्रजीत उतरलेल्या यंत्रांच्या पुस्तिकांत ‘दोर कंट्रोल करा’ असं असतं, ते ‘दोर तपासा’ या अर्थी.

इथे थोडं थांबतो, कारण हाच मूळ अर्थ आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘कोंत्र-रोल’ म्हणजे हिशेबाच्या गुंडाळीची दुसरी प्रत. पहिली खरी की खोटी, हे तिच्याशी ताडून बघायचं. यातला ‘रोल’ म्हणजे आपल्या मस्टर रोलमधलाच. म्हणजे या शब्दाला अर्थाने सर्वांत जवळचा मराठी शब्द कुठला? पडताळा! ताळा जमतो का ते बघणं. भारताच्या ‘नियंत्रक व महालेखापरीक्षक’ या पदातला नियंत्रकही कोणाला वेसण घालायला बसलेला नाही. तो जमाखर्च पडताळतो. नाव मात्र असं पडलं, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो खजिन्याच्या चाव्या कमरेला लावून फिरतो असं वाटावं.

आपला ‘नियंत्रण’ अगदी उलट दिशेने आला. संस्कृतात ‘यम्’ म्हणजे आवरणं. त्यातूनच नियम, संयम, यंत्र हे शब्द झाले. ‘यंता’ म्हणजे सारथी, आणि इंजिनिअरसाठी आपण केलेला ‘अभियंता’ याच घराण्यातला. तेव्हा ‘नियंत्रण’ म्हटलं की मराठी मनाला लगाम दिसतो. जिथे लगाम आहे तिथे तो वापरा. दोर आणि ब्रेक यांच्यापुढे सरळ ‘तपासणी’ लिहा.

आता काकांचं वाक्य. इंग्रजीत आहे की लिफ्टचं ‘पझेशन अँड कंट्रोल’ सदैव मालकाकडे, म्हणजे संस्थेकडे, राहील. देखभालीच्या करारांत हे वाक्य बहुधा असतंच आणि ते संस्थेच्या प्रेमापोटी घातलेलं नसतं. ते मला आमच्याच सोसायटीत कळलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली, आतल्या बाईंना काढायला पाऊण तास लागला. मशीनरूमची किल्ली देखभाल कंपनीच्या माणसाकडे, दार बाहेरून उघडायची तीनकोनी किल्लीही त्याच्याच पिशवीत, आणि तो वाघोडिया रोडला. पुढे तक्रार केली तर कंपनीने याच कलमावर बोट ठेवलं: नियंत्रण तुमच्याकडे होतं. किल्ल्या त्यांच्याकडे, नियंत्रण आमच्याकडे!

या वाक्यात तुम्हाला दोन शब्द लागतील: पहिल्याला ‘ताबा’, दुसऱ्याला ‘नियंत्रण’. पण ‘ताबा’ जपून. मराठीत घराचा ताबा मिळतो, ताबापावती होते, म्हणजे वस्तू हातात येते. त्याच वेळी वर्तमानपत्रात ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटला’ असंही असतं, आणि तिथे गाडी त्याच्याच बुडाखाली असते. आपल्या बडोद्यात अजून एक भर. गुजरातीत ‘ताबानी कचेरी’ म्हणजे हाताखालची कचेरी, म्हणजे तिथे ताबा अधिकाराकडे झुकतो आणि वस्तू हातात असण्याला ‘कबजो’ म्हणतात. मूळ अरबी ‘ताबे’ म्हणजे मागून चालणारा, अनुयायी. आपला ‘ताबेदार’ त्यातलाच. तेव्हा गुजराती अर्थ मुळाला धरून आहे, आपला भटकलेला. सभेत निम्मे लोक दिवसभर गुजरातीत व्यवहार करणारे असतील, तर एकाच वाक्यातून दोघांना दोन अर्थ कळतील. म्हणून मी तिथे ‘ताबा (कब्जा)’ असं दोन्ही लिहीन. दिसायला बरं नाही, पण भांडण टळतं.

कायदे लिहिणाऱ्यांनाही हे कोडं पडतं आणि ते शब्दावर भिस्त ठेवत नाहीत. कारखाने अधिनियम, 1948 बघा, 2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली तरी. ज्याला मराठीत कारखान्याचा भोगवटादार म्हणतात, तो म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचं अंतिम नियंत्रण आहे तो. भोगवटा हा शब्द ऐकून जागेत बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, पण कायदा बघतो शेवटचा शब्द कोणाचा. कंपन्या या जागी एखाद्या मॅनेजरला पुढे करत. 1987 च्या दुरुस्तीने कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच कोणीतरी भोगवटादार मानला जाईल असं केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते उचलून धरलं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ज्यांनी नोकऱ्या केल्या, त्यांना हे पाठ असेल.

कंपनी अधिनियम, 2013 मधली ‘कंट्रोल’ची व्याख्या तर गमतीची आहे. त्यात म्हटलंय की बहुसंख्य संचालक नेमण्याचा किंवा व्यवस्थापन वा धोरणाचे निर्णय ‘कंट्रोल’ करण्याचा हक्क यांचा ‘कंट्रोल’मध्ये समावेश होतो. व्याख्येच्या पोटात तोच शब्द पुन्हा! पण तिथलं क्रियापद बघा: ‘समावेश होतो’. ‘म्हणजे’ नाही. व्याख्येत ‘म्हणजे’ आलं की दार बंद, त्याबाहेरचं काही आत येत नाही. ‘समावेश होतो’ आलं की दार उघडं, नेहमीचा अर्थही राहतो आणि सांगितलेलाही जोडला जातो. दोन्ही एकत्र आले तर दार बंदच समजायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये म्हटलं आहे. भाषांतर करणारे बरेच जण दोन्हीकडे ‘म्हणजे’ ठोकून देतात. तुमच्या मसुद्याच्या पहिल्या पानावर ‘उपकरणे म्हणजे मोटर, दोर, दरवाजे’ असं आहे. इंग्रजीत तिथे ‘इन्क्लूड’ आहे. तुमच्या मराठीप्रमाणे कंट्रोलर देखभालीतून बाहेर पडला की हो! तिथे ‘उपकरणांमध्ये … यांचा समावेश होतो’ करा.

मग ‘नियंत्रण’ची व्याख्या आपण घालून द्यावी का? भाषांतरात नाही. मूळ कागदात नसलेली स्पष्टता मराठीत घालण्याचा हक्क तुम्हाला नाही, सही इंग्रजीवर झालेली आहे. पण नूतनीकरणाच्या वेळी कंपनीपुढे ठेवायला असं वाक्य तयार ठेवा: ‘लिफ्टचे नियंत्रण म्हणजे लिफ्ट चालू करण्याचा, थांबवण्याचा व वापरास बंद करण्याचा अधिकार. दुरुस्तीसाठी लिफ्ट घेतल्याची नोंद वहीत झाल्यापासून ती सुरू करून दिल्याची नोंद होईपर्यंत हा अधिकार कंपनीकडे व एरवी संस्थेकडे राहील. मशीनरूमची एक किल्ली कायम संस्थेत राहील.’ यात कोण काय करू शकतो ते क्रियापदांनी सांगितलं आहे, त्यामुळे ‘नियंत्रण’ऐवजी दुसरा कुठलाही शब्द ठेवला तरी अर्थ हलत नाही.

राहिलं अनेकवचन. व्याकरणाने ‘नियंत्रणे’ होतं, कानाला टोचतं. पण शेवटच्या पानावर विषयच वेगळा आहे. लिफ्टमधला कॅमेरा आणि बिघाडाची माहिती कंपनीकडे परस्पर जाते, ती सुरक्षित ठेवण्यासाठी कंपनी ‘टेक्निकल कंट्रोल्स’ ठेवेल, असं ते कलम. माहिती-सुरक्षेच्या जगात हा शब्द मोजता येणारा आहे. आयएसओ 27001 या मानकाच्या 2022 च्या आवृत्तीत अशा 93 बाबींची यादी आहे, त्यांतल्या 34 तांत्रिक. पासवर्ड, नोंदी, बॅकअप अशा गोष्टी. तिथे कंट्रोल म्हणजे धोका आटोक्यात ठेवणारा उपाय, तेव्हा ‘तांत्रिक उपाय’ लिहा. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही ‘तांत्रिक व संघटनात्मक उपाय’ याच अर्थाची शब्दरचना आहे.

त्याच कायद्याचं अजून एक टोक तुमच्या कामाचं. ज्याला युरोपात डेटा ‘कंट्रोलर’ म्हणतात, त्याला आपल्याकडे ‘फिड्युशरी’, विश्वासाने सांभाळणारा, असं नाव दिलंय. व्याख्या मात्र जवळजवळ तीच: माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो तो. चित्रण कोणाच्या संगणकात पडलंय, यावर ते ठरत नाही. तेव्हा कॅमेरा लावायचं संस्थेने ठरवलं असेल आणि चित्रण कंपनी सांभाळत असेल, तर काकांनी पुन्हा विचारायच्या आत विश्वस्तांना हे पान वेगळं वाचून दाखवा.