वाचकांचे प्रश्न : हॅरीच्या जन्माआधीचे हॉगवर्ट्‌स

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची, म्हणजे हॅरी पॉटरच्या कथांतील हॉगवर्ट्‌स या जादूच्या शाळेच्या जुन्या दिवसांवरची, चार पत्रे निघाली, म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून सर्व जागा या चौघांनाच देत आहोत.

प्रश्न : आम्ही पाच मित्रमैत्रिणी दर रविवारी एकाच्या गच्चीवर जमतो आणि हॅरी पॉटरच्या वडिलांच्या शाळेतील दिवसांवर कथा लिहितो. दोन-तीन कथा झाल्या की गाडी अडते, कारण हॅरीचे आईवडील जेम्स आणि लिली मारले जाणार आणि त्यांचा मित्र सिरियस तुरुंगात जाणार, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते. मग त्याची उत्सुकता टिकवायची कशावर?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, कोथरूड)

ज्याचा शेवट ठाऊक आहे अशी गोष्ट ऐकण्याची सवय पुणेकराइतकी क्वचितच कोणाला असेल. शनिवारवाड्यात शिरणाऱ्या शाळकरी मुलालाही ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणरावाचे काय झाले हे माहीत असते. तो ‘पेशवा वाचला का?’ असे विचारत नाही, तर गारदी कुठून शिरले, काका त्या वेळी कुठे होते आणि ‘ध’चा ‘मा’ खरोखर कोणी केला, हे विचारतो. पानिपतावरची कादंबरी उघडणाऱ्याला १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ पाठ असते, आणि म्हणूनच त्याआधीचा प्रत्येक मुक्काम, प्रत्येक दिरंगाई त्याला जड वाटत जाते. पूर्वकथा लिहिताना तुम्ही ऐतिहासिक कादंबरीकाराच्या पंगतीला बसला आहात, हे एकदा ध्यानात घेतले की अर्धी अडचण सुटते.

उरलेली अर्धी अडचण विषयाच्या निवडीत आहे. जेम्स, सिरियस, रीमस आणि पीटर ही चांडाळचौकडी १९७१ ते १९७८ या काळात शाळेत होती, आणि बहुतेक हौशी लेखक तिच्या खोड्यांवरच सगळी शाई खर्च करतात. पहिल्या दोन खोड्या वाचताना हसू येते; तिसरीला कंटाळा येतो, कारण त्यांतून कोणाचेच काही बिघडत नाही. माझ्या मते या चौघांमध्ये कथेचा खरा धनी पीटर आहे. रीमस दर पौर्णिमेला लांडगा होतो, त्याला सोबत करता यावी म्हणून उरलेले तिघे काही वर्षे खटपट करून पाचव्या वर्षी प्राण्यांची रूपे घेऊ लागतात, आणि ज्या झोडपणाऱ्या झाडाखालून गुप्त वाट जाते, त्याच्या फांद्या चुकवून बुंध्यावरची गाठ दाबण्याचे काम उंदीर झालेला पीटर करतो, कारण तेवढ्या लहान आकाराचा दुसरा कोणी नसतो. मित्रांसाठी वाट उघडणारा तोच, आणि १९८१ साली शत्रूला, म्हणजे दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टला, मित्राच्या घराची वाट दाखवणाराही तोच. ही दुसरी वाट वाचकाला ठाऊक आहे. चौघांपैकी कोणालाही, खुद्द पीटरलासुद्धा, त्या वयात ती ठाऊक नाही. त्याने गाठ दाबली आणि मित्रांनी त्याची पाठ थोपटली, एवढाच प्रसंग नीट लिहिलात तरी वाचणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होईल, आणि त्यासाठी पुढे काय होणार याचा एक शब्दही लिहावा लागणार नाही.

शाळाच हवी असा हट्ट नसेल, तर याहून चांगला काळ सुचवतो. जेम्स आणि लिली यांच्या मृत्यूपूर्वी वर्षभर पीटर शत्रूला बातम्या पुरवत होता, असे तिसऱ्या भागात उघड होते. त्या वर्षात सिरियसला रीमसचा संशय होता आणि रीमसला सिरियसचा. पीटरचा मात्र कोणालाच नव्हता. पाचव्या भागात व्होल्डेमॉर्टविरुद्ध लढलेला जुना लढवय्या मूडी हॅरीला एक जुने सामूहिक छायाचित्र दाखवतो, त्यात जेम्स आणि लिली हसत बसलेले आहेत आणि त्यांच्या मधोमध पीटर आहे. ते छायाचित्र काढले त्या दुपारची कथा कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. आपण पाच जण आहात, तेव्हा पाच जणांनी पाच वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून ती एकच दुपार लिहून पाहावी.

एक धोक्याची सूचना मात्र द्यायला हवी. मूळ कथेतील सगळ्याच मोकळ्या जागा ‘गाळलेल्या जागा भरा’ या जातीच्या नसतात. शाळेच्या चार संस्थापकांपैकी स्लिदरिन शाळा सोडून गेला, त्या भांडणाबद्दल शाळेतली जुनी टोपी आपल्या गाण्यात जेवढे सांगते, त्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ती जागा खुशाल भरावी. परंतु १८९९ च्या उन्हाळ्यात पुढे शाळेचा मुख्याध्यापक झालेला डंबलडोर, त्याचा भाऊ ॲबरफोर्थ आणि तेव्हाचा मित्र ग्रिंडेलवाल्ड यांच्या चकमकीत धाकटी बहीण अरियाना मारली गेली, तो घाव नेमका कोणाच्या छडीचा होता, हे डंबलडोरला कधीच कळले नाही, आणि त्या न कळण्यावरच त्याचे पुढचे आयुष्य उभे आहे. ती झाकली मूठ सव्वा लाखाची आहे. पूर्वकथेत कोणी ‘खरा मारेकरी’ जाहीर केला, तर मूळ पुस्तकातला म्हातारा डंबलडोर एका फटक्यात लहान होईल.

प्रश्न : लेखिकेने (जे. के. रोलिंग) सात भागांत जे सांगितले नाही ते इतरांनी रचत बसणे, म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उचलून खाण्यासारखे नव्हे काय? हे पूर्वकथांचे खूळ परदेशातून आलेले दिसते.
(निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

आपल्या पहिल्या वाक्याशी मी थोडा सहमत आहे, दुसऱ्याशी मुळीच नाही. रामायणाचे उत्तरकांड आठवून पाहावे. राज्याभिषेकानंतर ऋषी भेटीला येतात, इंद्रजिताच्या वधाची विशेष स्तुती करतात, तेव्हा रावणाहूनही त्याचे एवढे कौतुक कशासाठी, असे राम विचारतो, आणि अगस्त्य थेट पुलस्त्यापासून सुरुवात करून रावणाच्या कुळाची सगळी पूर्वकथा सांगतो. हे कांड मागाहून जोडले गेले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते मान्य केले, तर आपल्याच एका रसिक पूर्वजाला खलनायकाचे बालपण आणि घराणे जाणून घ्यावेसे वाटले आणि त्याने ते शेवटी नेऊन ठेवले, असेच म्हणावे लागेल. महाभारतात तर जनमेजयाचे सर्पसत्र का झाले, हे सांगता सांगता कथा परीक्षितापर्यंत आणि त्याच्याही मागे कद्रू-विनतेपर्यंत जाते. ‘पण त्याच्या आधी काय झाले?’ हा प्रश्न आपल्या मातीत पुष्कळ जुना आहे.

ताटाबद्दल म्हणाल, तर खुद्द लेखिकेलाही हा मोह आवरलेला नाही. २००८ साली धर्मादाय लिलावासाठी तिने एका कार्डावर सुमारे ८०० शब्दांची गोष्ट लिहिली, तिच्यात हॅरीच्या जन्माआधीचे तरुण सिरियस आणि जेम्स मोटारसायकलवरून पोलिसांना चकवतात. आणि आपण पूर्वकथेवर काम करत नाही, पण हे लिहिताना मजा आली, अशी टीपही तिने खाली जोडली. त्या कार्डाला २५,००० पौंड मिळाले. पूर्ण पुस्तक लिहिण्याऐवजी एकच पाठलाग लिहून थांबण्यात तिची समज दिसते, असे मला वाटते.

प्रश्न : मी नववीत आहे. मला पुढे शाळेचा रखवालदार झालेल्या हॅग्रिडच्या शाळेतल्या दिवसांची गोष्ट लिहायची आहे, पण कोणते साल धरायचे ते कळत नाही. आणि त्याला दोन जिवलग मित्र दिले तर चालेल का?
(विद्यार्थिनी, हडपसर)

सालाची किल्ली तुझ्या हातातल्या पुस्तकातच आहे. दुसऱ्या भागात धड नीट न तुटलेल्या मानेचा भुताटकी सरदार आपला ५०० वा मृत्यूदिन साजरा करतो, आणि केकवर त्याच्या मृत्यूची तारीख ३१ ऑक्टोबर १४९२ अशी असते. म्हणजे तो भाग १९९२ मध्ये सुरू होतो. शाळेतले गुप्त तळघर ५० वर्षांपूर्वी उघडले होते असे त्यात सांगितले आहे आणि हॅग्रिडला तिसऱ्या वर्षी शाळेतून काढले, यावरून १९४२-४३ हे शालेय वर्ष निघते. बाहेर दुसरे महायुद्ध चालू आहे, मुख्याध्यापक डिपेट आहेत आणि डंबलडोर अजून वर्गावर रूपांतर शिकवत आहेत. हे तिन्ही गोष्टीत कुठेतरी जाणवू दे.

तारखांचा हिशेब मोठमोठ्यांचाही चुकतो. पाचव्या भागात मॅकगोनागल बाई सांगतात की येत्या डिसेंबरला आपल्याला शिकवायला लागून ३९ वर्षे होतील. कथेतले साल १९९५, म्हणजे त्या १९५६ च्या डिसेंबरात रुजू झाल्या. तरीही २०१८ साली आलेल्या आणि १९२७ मध्ये घडणाऱ्या चित्रपटात त्या हॉगवर्ट्‌सच्या शिक्षिका म्हणून वावरताना दिसतात. वाचकांनी ही चूक लगेच पकडली. तेव्हा एका कागदावर सनावळी लिहून तो वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेव.

मित्रांबद्दल थोडा विचार कर. जिवलग मित्र असते, तर हॅग्रिडवर ते तळघर उघडल्याचा खोटा आळ आला तेव्हा ते गप्प का बसले, आणि पुढे ५० वर्षांत त्याने एकदाही त्यांचे नाव का काढले नाही? पूर्वकथेत जे नवे पात्र आत येते, त्याला बाहेर जाण्याचे दारही लेखकालाच करून द्यावे लागते. मित्र द्यायचाच असेल तर एकच दे, आणि तो घाबरून गप्प राहिला असे लिही. नाहीतर मित्र मुळीच देऊ नकोस. दुसऱ्याच वर्षी वडील गेलेला, सगळ्यांहून उंच, कपाटात चोरून कोळी वाढवणारा मुलगा त्या कोळ्याशीच बोलेल, आणि मला तरी ती गोष्ट अधिक आवडेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात अशी पूर्वकथा छापता येईल का?
(गृहिणी, सिंहगड रस्ता)

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे त्याचा हक्क अबाधित राहतो, आणि या मालिकेची लेखिका हयात आहे. घरच्या घरी वाचायला किंवा हस्तलिखितासाठी मुलांनी लिहिले, तर त्यामुळे कोणाचे नुकसान होत नाही. परंतु सोसायटीचा छापील अंक जाहिराती घेत असेल किंवा विकला जात असेल, तर मूळ पात्रे आणि नावे वापरू नयेत. मुलांना त्यांचीच एखादी जादूची शाळा पर्वतीच्या पायथ्याशी वसवू द्यावी; तिच्या परवानगीसाठी कोणाला पत्र धाडावे लागणार नाही.