महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये जनरल मॅनेजर कशासाठी?

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षाला असून बास्केटबॉल उत्तम खेळतो. एका विद्यापीठाने त्याच्याकडे विचारणा केली, परंतु फोन प्रशिक्षकांचा नव्हता, ‘जनरल मॅनेजर’चा होता. हे पद काय असते आणि घरच्यांनी बोलणी कोणाशी करावीत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्याकडे संघाचा मॅनेजर म्हटले की तिकिटे, राहण्याची सोय आणि खेळाडूंची ओळखपत्रे सांभाळणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. हे पद त्याहून फार वेगळे आहे. ते एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या व्यावसायिक संघांकडून महाविद्यालयांत आले, तेही अलीकडेच. ड्यूक विद्यापीठाने २०२२ साली रेचल बेकर यांना या पदावर नेमले, तेव्हा अनेकांना त्याचे नवल वाटले होते.

त्याची गरज पैशांमुळे निर्माण झाली. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली आणि ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या, खेळाडूंनी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीनंतर विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी अशा थेट पैशांची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यातून बास्केटबॉलच्या वाट्याला जे येईल, ते पंधरा खेळाडूंत कसे वाटायचे, कोणाची किती किंमत करायची आणि एजंटांशी कसे बोलायचे, हे जनरल मॅनेजर पाहतो.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरे काम. २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणारा खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो, त्यामुळे हंगाम संपताच आपलेच खेळाडू टिकवण्यासाठी त्यांची नव्याने मनधरणी करावी लागते. शाळेतून येणाऱ्या मुलाला याची झळ बसते, कारण त्याची स्पर्धा आता बावीस-तेवीस वर्षांच्या अनुभवी खेळाडूंशी असते आणि अनेक संघ त्यांनाच आधी पसंती देतात.

नावाजलेल्या व्यक्तींमुळे मात्र भारावून जाऊ नये. एड्रियन वोज्नारोव्स्की यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ईएसपीएन या क्रीडा वाहिनीतील पत्रकारिता सोडून, ज्या सेंट बोनाव्हेंचर विद्यापीठात ते शिकले तिथेच हे पद पूर्णवेळ स्वीकारले. नामवंत खेळाडू स्टीफन करी २०२५ मध्ये डेव्हिडसन महाविद्यालयाचे सहायक जनरल मॅनेजर झाले, पण ते एनबीएत खेळत असल्याने तिथला रोजचा व्यवहार इतरांच्या हाती आहे.

बोलणी दोघांशीही करावीत. पैशांचा शब्द जनरल मॅनेजर देईल, परंतु मैदानावर कोणाला उतरवायचे हे मुख्य प्रशिक्षकच ठरवतात. म्हणून खेळण्याच्या संधीविषयी त्यांच्याच तोंडून ऐकावे. शिष्यवृत्ती, विद्यापीठाचा थेट वाटा आणि बाहेरच्या कंपन्यांचे जाहिरात-करार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा प्रत्येकीचा आकडा स्वतंत्रपणे लेखी मागावा. पुतण्या अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल, तर आणखी सावध राहावे लागेल. एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांसोबतच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरील मुलांना काम करून कमाई करण्याची परवानगी नसते आणि विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावरही त्याबाबत कडक बंधने आहेत. जनरल मॅनेजर विद्यापीठाचा माणूस असतो. त्यामुळे सही करण्यापूर्वी करार स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला दाखवून घ्यावा.