रोज दोनच ओळी

प्रश्न : मुलगी ७ वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते. मराठी वाक्य अर्ध्यावर सोडते. कविता पाठ करून घेतल्या तर फरक पडेल का?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : पडतो ताई, माझ्या नातवात पाहिलाय. रंकाळ्यावर फिरताना मी दोनच ओळी म्हणायचे, तो मागून म्हणायचा. महिन्याभरात 'क्लाउड्स आले'चं 'आजी, ढग दाटून आलेत' झालं. चालीबरोबर वाक्याची अख्खी ठेवणच तोंडात बसते; प्रत्यय, क्रियापद वेगळं शिकवावं लागत नाही. बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी केवढी भाषा होती त्यांच्याकडे! सगळी कानानं आलेली. फक्त पाहुण्यांपुढे 'म्हणून दाखव' नको. माझ्या लेकीनं त्यापायीच कविता सोडली. मला अजून हळहळ वाटते.