मशेरी लावल्याने दात खरोखर बळकट राहतात का? दातांच्या स्वच्छतेसाठी रोज नेमके काय करावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तुम्ही लिहिले आहे की, तुमची आई आणि आजी रोज मशेरी लावतात आणि त्यांचे दात शाबूत आहेत. उलट दोन वेळा ब्रश करूनही तुमच्याच हिरड्यांतून रक्त येते. नेमका हाच युक्तिवाद माझ्या थोरल्या मामांनी आमच्या घरात वर्षानुवर्षे लावून धरला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच, आणि तंबाखूतील निकोटिनमुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आतून रोग वाढत असतानाही रक्त फारसे दिसत नाही आणि हिरड्या निरोगी आहेत असा समज होतो. तुमच्या हिरड्यांतून येणारे रक्त ही वेळेवर मिळालेली सूचना आहे. तुमच्या आईला ती मिळतच नसण्याची शक्यता अधिक आहे.

माझ्या आईने मशेरी सुरू केली ती दाढदुखीवर उपाय म्हणून. पुढे दाढ गेली, मशेरी राहिली. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, असे ती म्हणे. पहाटे मोरीपाशी बसून ती डाव्या हाताच्या तळव्यावर चिमूटभर मशेरी घेई, तर्जनीने दातांवरून फिरवी आणि उरलेली खालच्या ओठाआड धरून ठेवी. तेवढ्या वेळात तिला बोलता येत नसे, म्हणून चहाचे आधण, दूधवाला, आमचे डबे हे सारे हातांच्या खुणांवर चाले. शेवटी पुढच्या खालच्या दातांची मुळे उघडी पडली आणि गार पाणी झोंबू लागले, तेव्हा मी तिला सरकारी दंत महाविद्यालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी तिचा खालचा ओठ हलकेच बाहेर ओढला आणि विचारले, “मावशी, इथे हा पांढरा चट्टा कधीपासून आहे?” मशेरी धरायची जागा नेमकी तीच होती. कातडी सुरकुतलेली आणि जाडसर झाली होती, आणि पुसूनही चट्टा जात नव्हता. तुकडा तपासणीस पाठवला. तो कर्करोग नव्हता, पण तसाच राहू दिला तर पुढे होऊ शकतो, असे त्यांनी तिला स्पष्ट शब्दांत सांगितले.

त्याच वेळी दातांवरचे कीटण काढले. पुढच्या खालच्या दातांच्या मागे लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात, त्यामुळे तिथे कीटण सर्वांत लवकर साचते; आईच्या त्या दातांमागे त्याची सलग भिंतच झाली होती. ती निघताच दातांमधल्या फटी दिसू लागल्या आणि दोन दात हलताना जाणवले. मामा लगेच म्हणाले, “बघ, मी सांगत होतो, सफाई केली की दात खिळखिळे होतात.” दातांभोवतीचे हाड रोगाने आधीच झिजलेले असते आणि कीटणाने दात तात्पुरते एकमेकांना चिकटून राहिलेले असतात, हे मी तेव्हा मामांना सांगितले, त्यांना ते पटले नाही, आणि आज इथे पुन्हा सांगते आहे. आईने मात्र त्यानंतर मशेरी सोडली. तलफ आली की ती बडीशेप चघळत असे. काही महिन्यांत चट्टा फिकट होत गेला, ते दातही बराच काळ टिकले.

आता रोजचे काम. रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. ब्रश मऊ असावा. त्याचे केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरके टेकवून, जोर न लावता, दोन मिनिटे लहान हालचालींनी फिरवावा. जोरात आडवे घासल्याने दात हिरडीजवळ झिजतात. पेस्ट फ्लोराइडची असावी, आणि घासून झाल्यावर फक्त थुंकावे. खळखळून चुळा भरल्या तर ते फ्लोराइड वाहून जाते. दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नाही, तिथे दिवसातून एकदा दोरा किंवा फटींचा बारीक ब्रश फिरवलाच पाहिजे; तुमचे रक्त बहुधा तिथूनच येत असेल. मीठ, कोळसा, राखुंडी यांनी दात पांढरे दिसतात ते वरचा थर घासला गेल्यामुळे.

‘आमच्या आजीचे सगळे दात शेवटपर्यंत होते’ हे मामांचे आवडते वाक्य होते. त्या पिढीत साखर कमी होती, हे ते सोडून देत. ज्यांचे दात अकाली पडले आणि ज्यांनी जन्मभर कण्या कालवून खाल्ल्या, त्या बायकांची उदाहरणे कोणीच देत नाही. १९९२ साली सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास बंदी घातली. जे कारखान्याला निषिद्ध, ते घरच्या तव्यावर भाजले म्हणून औषध होत नाही.

मी दंतवैद्य नाही. नीट साफ करूनही दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर दाखवून घ्या. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह असेल तर तिथे आधी सांगा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील सरकारी दंत महाविद्यालयांत कमी खर्चात सफाई होते. जाताना आईला आणि आजीलाही सोबत न्या आणि त्यांचा खालचा ओठ व गालाची आतली बाजू तपासायला सांगा.